स्पर्धेचे पिस्तूल आणि त्याचे कारागीर

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या ह्या संस्थेचे पथक १९३६ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी बर्लिनला गेले व तेथे त्याने कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखविले. त्याच सामन्यांत पिस्तुलाच्या जलद नेमबाजीची स्पर्धाही झाली. तीत जर्मनीच्या कॉर्नेलियुस फान ओयेन ह्यास सुवर्णपदक व हाइन्झ हाक्स ह्यास रौप्यपदक मिळाले. ह्या प्रकारच्या नेमबाजीकरिता जर्मनीतील वाल्टर कारखान्याने 'ऑलिंपिया' नावाचे खास पिस्तूल घडविले होते.

त्या पिस्तुलाचे वैशिष्ट्य त्याच्या नळीखाली होते. गोळी सुटताच पिस्तूल उसळते आणि पुढचा नेम बिघडतो. नळीस वजन जोडल्यास उसळी कमी होते. पण वजन फार झाले तर हात थकतो. प्रत्येकाच्या हाताचे बळ निराळे असल्यामुळे ही वजने काढता-घालता येतील अशी केलेली होती. यंत्राने माणसास जुळवून घ्यावे, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

महायुद्धानंतर वाल्टरचा मूळ कारखाना राहिला नाही. १९५३ च्या सुमारास उल्म शहरी नव्याने काम सुरू झाले. १९६० नंतरच्या दशकात तेथे 'जी.एस.पी.' हे पिस्तूल निघाले आणि तोच विचार त्यात पुष्कळ पुढे गेला. अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात चामड्याचा रोलर झिजला म्हणजे रोलर बदलतात, कोणी सबंध जिन मोडीत काढीत नाही. जी.एस.पी.ची रचना अशीच आहे. चापाची सारी यंत्रणा एका गठ्ठ्याने बाहेर निघते. नळी व तिच्याबरोबरचे भाग बदलले की तेच पिस्तूल .२२ ऐवजी .३२ व्यासाची काडतुसे उडविते. काडतुसांचे मॅगझिन चापाच्या पुढे ठेवल्यामुळे नळी हाताच्या अगदी जवळ, खाली बसते व उसळी कमी जाणवते. नेमबाजाची मूठ आणि तिची सवय मात्र तीच राहते.

तथापि कारागिरास वाटेल ते करण्याची मोकळीक नाही. २५ मीटरच्या स्पर्धेतील पिस्तूल १,४०० ग्रॅमहून जड असता कामा नये. चाप किमान १,००० ग्रॅमचा भार पेलणारा हवा. आणि सबंध पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. ह्या मर्यादेतच कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनी २०१८ च्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविले. असे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज होत.

सुट्या भागांचे मोल किती, हे टोकियोच्या सामन्यांत कळून आले. २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर ह्यांचे पिस्तूल ऐन वेळी बिघडले. साठ नेमांसाठी दिलेल्या ७५ मिनिटांपैकी मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली. त्यांचे ५७५ गुण झाले, आणि अवघ्या दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. पुढे २०२४ साली पॅरिस येथे त्यांनी दोन कांस्यपदके मिळविली, ही समाधानाची गोष्ट होय.

तात्पर्य असे की, भाग सुटा होतो एवढ्याने काम भागत नाही. तो चटकन हाती यावा, क्षणात बसावा आणि बसविल्यावर नेमात तिळमात्र फरक पडू नये, इतकी सफाई त्याच्या घडणीत असावी लागते. पदक नेमबाजाच्या गळ्यात पडते हे यथायोग्यच. परंतु कानशीने मिलिमीटरचा अंश साधणाऱ्या कारागिराचाही त्यात वाटा असतो.