उभे राहिले, पण गायले नाहीत

शीर्षक वाचून तुम्हाला वाटेल की गॅदरिंगमधल्या एखाद्या बेसूर ग्रुपची गोष्ट आहे. तसं नाही. ही गोष्ट आहे तीन शाळकरी भावंडांची, सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाची आणि एका छोट्या ख्रिस्ती पंथाची. पंथाचं नाव ‘यहोवाचे साक्षीदार’, इंग्रजीत जेहोवाज विटनेसेस. सिव्हिक्समध्ये आपण सगळ्यांनी मूलभूत हक्क पाठ केले, पेपरात उतरवले आणि विसरून गेलो. त्या पाठांतराचा अर्थ मला या लोकांबद्दल वाचताना लागला, म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी थोडं सांभाळून घ्या!

मी मूळची शिरूर तालुक्यातल्या पाबळची. पाबळ म्हटलं की दोन गोष्टी निघतात. एक डॉ. कलबागांचा विज्ञान आश्रम आणि दुसरी मस्तानी. मस्तानीच्या जागेला कुणी कबर म्हणतं, कुणी समाधी. तिचे वडील राजा छत्रसाल प्रणामी पंथाचे. तिचा धर्म नेमका कोणता, यावर आजही वाद होतात. तिच्या मुलाची मुंज पुण्याच्या ब्रह्मवृंदाने होऊ दिली नाही. तो समशेरबहाद्दर म्हणून वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढताना जखमी होऊन गेला. कुठल्याच कप्प्यात न बसणाऱ्या माणसाला समाज कसा वागवतो, ही गोष्ट त्यामुळे आम्हा पाबळकरांना अगदीच अनोळखी नाही.

साक्षीदार हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आठवीत. आमच्या वर्गात एक नवीन मुलगी आली होती. असेम्ब्लीत राष्ट्रगीत सुरू झालं की ती ताठ उभी राहायची, पण तिचे ओठ हलायचे नाहीत. कुणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट दिलं तर ‘थँक यू’ म्हणून परत करायची. ख्रिसमसच्या नाटकातही नाही. मुली म्हणायच्या, शिष्ट आहे. एका टीचरने तिला दोन-तीनदा वर्गाबाहेर उभं केलं. वर्षभरात ती शाळा सोडून गेली. ‘ख्रिश्चन असून ख्रिसमस नाही?’ हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला.

हे लोक कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पिट्सबर्गजवळ चार्ल्स टेझ रसेल नावाच्या तरुणाने बायबल अभ्यासाचा एक गट सुरू केला. १८७९ मध्ये त्याने मासिक काढलं. आज तेच मासिक मराठीत ‘टेहळणी बुरूज’ या नावाने निघतं. ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव त्यांनी १९३१ मध्ये घेतलं. यहोवा हे बायबलमधलं देवाचं नाव. आपल्याकडच्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये तिथे ‘परमेश्वर’ छापलेलं असतं. साक्षीदार म्हणतात, देवाला नाव आहे, मग ते का लपवायचं?

भारतातलं त्यांचं ऑफिस १९२६ मध्ये मुंबईत सुरू झालं. पुढे ते बरीच वर्षं आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला होतं. आता ते बंगळूरला आहे. जगभरात त्यांची संख्या ९० लाखांच्या आसपास आहे आणि भारतात जेमतेम ५०-६० हजार. म्हणजे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आणि त्यात हे आणखी अल्पसंख्य! त्यातून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्च त्यांना ख्रिस्ती मानायलाच तयार नाहीत. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

काय मानतात?

मोठा मतभेद आहे त्रैक्यावर. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, असं बहुतेक सगळी चर्चेस शिकवतात. साक्षीदार हे मानत नाहीत. त्यांच्या मते देव एकच, यहोवा. येशू हा त्याचा पुत्र, त्याने निर्माण केलेला, आणि पवित्र आत्मा म्हणजे देवाची शक्ती.

ही शंका काही परदेशातून आलेली नवलाई नाही बरं का. आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्यांचा याच त्रैक्यावरून जोरदार वाद झाला. कुणी सांगितलं म्हणून मानणार नाही, माझ्या विवेकाला पटेल तेच मानेन, असा त्यांचा सूर होता. पुढे त्यांची श्रद्धा वेगळ्या वाटेने गेली. त्या साक्षीदार नव्हत्या, त्यांचा या पंथाशी संबंधही नाही. पण एका मराठी बाईने मिशनऱ्यांना तोंडावर असे प्रश्न विचारले होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. नरकाची आग नाही, मेलेला माणूस झोपल्यासारखा असतो. १,४४,००० जण स्वर्गात जाऊन ख्रिस्तासोबत राज्य करतील आणि बाकीचे चांगले लोक याच पृथ्वीवर नंदनवनात राहतील. क्रॉस नाही, मूर्ती नाही. ख्रिसमस आणि वाढदिवस नाहीत, कारण ते प्रथा मूळच्या ख्रिस्ती नाहीत असं मानतात. वर्षातून एकदा फक्त येशूच्या मृत्यूचा स्मारकविधी. पगारी फादर नाहीत. प्रार्थनेच्या जागेला ‘राज्य सभागृह’ म्हणतात. आणि दारोदार जाऊन प्रचार प्रत्येकाने करायचा.

त्यांना सगळ्यात जास्त त्रास ज्या गोष्टीमुळे होतो ती म्हणजे तटस्थपणा. आमचं राज्य देवाचं, म्हणून आम्ही कुठल्याही देशाच्या राजकारणात नाही, असं ते म्हणतात. कायदा पाळायचा, टॅक्स भरायचा, पण मतदान नाही, सैन्यात भरती नाही, झेंड्याला वंदन नाही, राष्ट्रगीत गायचं नाही. त्यांच्या दृष्टीने ती भक्ती होते, आणि भक्ती फक्त देवाची.

कोर्टात गेलेली तीन मुलं

आता शीर्षकाकडे येते. केरळमध्ये बिजो, बिनू मोल आणि बिंदू इमॅन्युएल ही भावंडं दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी तिघं आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांच्या मोठ्या बहिणीही त्याच शाळेत तशाच वागल्या होत्या आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. १९८५ च्या जुलैत एका आमदाराने विधानसभेत हा विषय काढला. चौकशी समिती नेमली गेली. मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अपमान केलेला नाही, असा अहवाल आला. तरीही २६ जुलै १९८५ ला त्यांना शाळेतून काढलं!

केरळ हायकोर्टात ते हरले. मग सुप्रीम कोर्ट. ११ ऑगस्ट १९८६ ला न्या. ओ. चिनप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. निकालातले तीन मुद्दे आपण इंजिनिअरच्या पद्धतीने स्टेप बाय स्टेप पाहू.

एक, राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असा कायदा आहे का? नाही. १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेचा कायदा आहे, पण तो गाणाऱ्याला मुद्दाम अडवणाऱ्यासाठी किंवा गोंधळ घालणाऱ्यासाठी. गप्प उभं राहणारा कुणालाच अडवत नाही. दोन, कलम १९ मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, त्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं. तीन, कलम २५. इथे कोर्टाने म्हटलं की ही श्रद्धा आम्हाला पटते की नाही हा प्रश्नच नाही. ती त्या माणसाच्या धर्माचा भाग म्हणून खरोखर, मनापासून पाळली जाते का, एवढंच बघायचं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य या मर्यादा अर्थातच आहेत.

तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. जे आपल्याला पटतं त्याला परवानगी द्यायला कशाला हवी राज्यघटना? जे विचित्र वाटतं, त्याच्यासाठीच ती लागते.

बाहेरच्या जगात

हा प्रकार आपल्याकडेच झाला असं नाही. अमेरिकेत १९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने साक्षीदार मुलांना झेंड्याला सलाम करायची सक्ती योग्य ठरवली आणि त्यानंतर त्यांच्यावर जमावांचे हल्ले वाढले. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याच कोर्टाने तो निकाल फिरवला. हिटलरच्या जर्मनीत तर त्यांना छळछावण्यांत टाकलं. कपड्यांवर त्यांची खूण जांभळा त्रिकोण. ज्यू कैद्याला सुटकेचा मार्ग नव्हता, पण साक्षीदारांसमोर एक कागद ठेवला जायचा. श्रद्धा सोडली असं लिहून सही करा आणि घरी जा. बहुतेकांनी सही केली नाही. सोव्हिएत सरकारने १९५१ मध्ये हजारो साक्षीदार सायबेरियाला पाठवले आणि रशियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये त्यांना ‘अतिरेकी संघटना’ ठरवून बंदी घातली. ज्यांनी बंदूक हातात घ्यायला नकार दिला, ते अतिरेकी!

आणि आपल्याकडे २९ ऑक्टोबर २०२३. केरळमध्ये कळमश्शेरीला त्यांच्या अधिवेशनात प्रार्थनेच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. आठ जण गेले, त्यात बारा वर्षांची एक मुलगी. जबाबदारी घेणारा माणूस पूर्वी याच पंथात होता आणि यांची शिकवण देशविरोधी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. १९८५ मध्ये मुलांना शाळेबाहेर काढताना जो संशय होता तोच हा, फक्त या वेळी त्याने जीव घेतले.

रक्ताचा अवघड प्रश्न

सगळं त्यांचं बरोबर, असं मला म्हणायचं नाही. साक्षीदार रक्त घेत नाहीत. रक्त वर्ज्य करा असं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे, आणि त्याचा अर्थ ते शिरेतून घेण्यालाही लावतात. प्रौढ माणूस शुद्धीवर असताना स्वतःसाठी ठरवतो ते एक वेळ समजू शकतं. पण लहान मुलाचं काय? तिथे अनेक देशांतली कोर्टं पालकांना बाजूला ठेवून मुलाला रक्त द्यायला सांगतात, आणि मला ते पटतं. कारण इथे नुकसान दुसऱ्याचं होतं.

या नकारामुळे एक गोष्ट मात्र चांगली झाली. रक्त न देता ऑपरेशन कसं करायचं, यावर डॉक्टरांना डोकं लढवावं लागलं. ‘सेल सॅल्व्हेज’ मशीन बघा. जखमेतलं रक्त ओढून घ्यायचं, गोठू नये म्हणून औषध मिसळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लाल पेशी वेगळ्या करायच्या, सलाइनने धुवायच्या आणि त्याच पेशंटला परत द्यायच्या. काही साक्षीदारांना हे चालतं, काहींना नाही. बायोमेडिकलवाल्यांनो, प्रोजेक्टला विषय शोधताय ना?

दुसरी तक्रार त्याहून गंभीर आहे. पंथ सोडणाऱ्याशी किंवा काढून टाकलेल्याशी घरचेसुद्धा संबंध तोडतात, असं अनेक माजी सदस्य सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल कमिशनने मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी हाताळण्यावरूनही या संस्थेवर कडक टीका केली. ज्यांना स्वतःला वेगळं राहण्याचा हक्क हवा, त्यांनी आपल्यातून वेगळं होणाऱ्यालाही तो द्यायला हवा. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणेन. पण त्यासाठी शाळेतून हाकलणं किंवा मारहाण हे उत्तर नाही. गुन्हा असेल तर कायदा आहे.

आपल्या महाराष्ट्रातला एक निकाल

शेवटी फॉर्मवरच्या ‘धर्म’ या रकान्याबद्दल. ‘फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड’ नावाच्या एका गटाचं म्हणणं होतं की आम्ही येशूला मानतो, पण ख्रिस्ती किंवा कुठलाच धर्म मानत नाही. तशी नोंद राजपत्रात करावी, असा अर्ज त्यांनी केला. सरकारी छापखान्याने नकार दिला. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. ए. एस. चांदूरकर यांनी सांगितलं की ‘माझा कुठलाही धर्म नाही’ असं म्हणायचा प्रत्येकाला हक्क आहे आणि धर्म जाहीर करायची सक्ती कुठलाही सरकारी अधिकारी करू शकत नाही. बघा, येशूला मानणारी मराठी माणसं कोर्टात जातात आणि त्यांच्यामुळे नास्तिकाचाही हक्क पक्का होतो! इमॅन्युएल भावंडांचंही तसंच. त्यांनी मिळवलेलं गप्प राहण्याचं स्वातंत्र्य फक्त साक्षीदारांचं नाही. ते तुमचंही आहे आणि माझंही.

मी स्वतः राष्ट्रगीत मोठ्याने गाते आणि गाणार. शेजारी कुणी गप्प उभं असेल तर त्याने माझा सूर बिघडत नाही. तुमच्या दारावर कधी नीट कपड्यातली दोन माणसं हातात मासिक घेऊन आली, तर वाद घालायलाच हवा असं नाही. ‘नको, थँक यू’ एवढं पुरतं. वाद घालायचाच असेल तर लायब्ररीसमोरच्या मासिकाच्या पेटीत माझ्या नावाने चिठ्ठी टाका. उत्तर नक्की देईन, फक्त सबमिशन संपल्यावर!