मकिटा, माकिता आणि मिस्त्री

गेल्या दिवाळीआधी आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं नव्यानं करायला काढली आणि पंधरा दिवस घराचा कारखाना झाला. जिकडे तिकडे भुसा, प्लायचे तुकडे, सनमायकाच्या कापट्या आणि यंत्रांची घरघर. मिस्त्री साठीला आलेले. बोलणं मोजकं, पण हात असा की बिजागरी एकदा बसवली की दार पुन्हा ठोकून बघायची गरज नाही. त्यांच्या हाताखाली एक पोरगा होता. ‘‘ए, मकिटा घे रे इकडं,’’ असं मिस्त्रींनी म्हटलं की तो निळसर हिरव्या रंगाचं ड्रिल मशीन पुढे करायचा. दिवसातून वीस वेळा तरी हे वाक्य घरात घुमत असे. आमच्या सौ. सुद्धा ‘मकिटा थांबली वाटतं, चहा टाकते’ असं म्हणू लागल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी माझा भाचा पुण्याहून आला. इंजिनिअरिंगचा अभ्यास सांभाळून त्यानं जपानी भाषेच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. मिस्त्रींचं वाक्य कानावर पडताच तो म्हणाला, ‘‘काका, मकिटा नाही हो, माकिता. जपानी नाव आहे ते. जपानीत ट नसतोच.’’ आवाजात उद्धटपणा नव्हता. नवं काही शिकलेल्या माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, तेवढीच उतावीळ होती. मिस्त्री हसले. ‘‘असंल दादा. दुकानात मागितली की मिळती, आपल्याला तेवढं बास.’’ आणि ते कामाला लागले.

पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिस्त्रींनी ते नाव घेतलं नाही. ‘‘ती दे,’’ ‘‘मशीन दे रे ती,’’ आणि एकदा तर नुसतंच बोट दाखवलं. इतकी वर्षं ज्या नावानं ते आपलं अवजार मागत आले, ते नाव एका वाक्यानं त्यांच्या तोंडातून काढून घेतलं होतं. मला ते लागलं. भाचा तर चुकीचं काहीच बोलला नव्हता. मग चुकलं कुठे? त्या रात्री भाच्याला घेऊन बसलो आणि या नावांचा माग काढू लागलो.

आधी भाच्याची बाजू. ती सोळा आणे खरी आहे. मोसाबुरो माकिता या गृहस्थांनी 1915 साली जपानमधल्या नागोया शहरात विजेच्या मोटारी विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा सुरू केला. म्हणजे माकिता हे चक्क आडनाव आहे. जपानीत ते लिहिताना दोन चिन्हं येतात : पहिल्याचा अर्थ कुरण, दुसऱ्याचा अर्थ भाताचं शेत. होंडामधला शेवटचा ‘डा’ आणि टोयोटामधला शेवटचा ‘टा’ हेही मुळात हेच शेत! आपल्याकडे जशी आडनावं गावावरून आणि धंद्यावरून पडली, तशी तिकडे पुष्कळशी शेतावरून, डोंगरावरून आणि नदीवरून पडली. उच्चार मा-कि-ता. ‘मा’ लांबवायचा नाही, कुठल्याच अक्षरावर जोर द्यायचा नाही आणि शेवटी आपल्या ‘ताक’ मधला ता.

मग आपल्याकडे ट कुठून आला? तो इंग्रजीच्या वाटेनं आला. इंग्रज माणूस टी हे अक्षर उच्चारताना जीभ वरच्या दातांच्या मागच्या हिरडीला टेकवतो. आपल्या त साठी जीभ दातांना लागते, ट साठी ती मागे वळते. इंग्रजी टी या दोन्हींच्या मधला. पण आपल्या कानाला मधलं काही मान्य नाही, तो ट च्या खात्यात जमा होतो. म्हणून रोमन लिपीत टी दिसला की आपण बिनदिक्कत ट म्हणतो, मग ते नाव लंडनचं असो की नागोयाचं. जपानी माणसाचा त आपल्या त च्या पुष्कळ जवळचा आहे. म्हणजे जे नाव आपल्याला जन्मतःच नीट म्हणता आलं असतं, ते इंग्रजीचा वळसा घेऊन आल्यामुळे आपण बिघडवून घेतलं.

याहून मोठी गंमत दुसऱ्या एका जपानी नावाची आहे. रोमन लिपीत आर, वाय, ओ, बी, आय अशी अक्षरं. अमेरिकेत बहुतेक जण ते ‘रायोबी’ असं वाचतात. इंग्रजी जिभेला र आणि य एकत्र म्हणणं जड जातं, म्हणून मध्ये एक स्वर घुसडला जातो. जपानी उच्चार मात्र ‘ऱ्योबी’, ओ जरासा लांबवून. आता हा ऱ्य नीट पाहा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. हा फरक दाखवायला आपल्याकडे वेगळं चिन्ह आहे, पापणीसारखं वळलेलं. हिंदीच्या लेखनात ते सहसा सापडणार नाही. इंग्रजांना जे जोडाक्षर म्हणताना घाम फुटतो, ते आपली शाळकरी पोरं ‘वाऱ्यावर’ म्हणताना सहज म्हणून जातात. 1943 साली हिरोशिमा जिल्ह्यातल्या फुचू गावी निघालेल्या या कंपनीचं नाव अचूक लिहायची सोय मराठीत घरचीच आहे!

युरोपकडे वळलं तरी हाच अनुभव. स्वीडनच्या प्रसिद्ध लाकूडकापी करवतीवर जे नाव असतं ते ‘हुस्क्वर्ना’ असं वाचलं जातं. हे मूळचं एका गावाचं नाव. तिथे 1689 साली राजाच्या हुकमानं बंदुकांचा कारखाना निघाला, पुढे शिवणयंत्रं आली, मग करवती. नावाचा अर्थ साधारण ‘वाड्याजवळची गिरणी’. स्वीडनच्या बहुतेक भागांत र आणि न जवळ आले की बोलताना त्यांचा ण होतो. म्हणजे तिथला माणूस जवळपास ‘हुस्क्वाणा’ म्हणतो. बाणातला, पाण्यातला आपला ण! जर्मनांची रीत आणखी वेगळी. शब्दाच्या आरंभी एस आणि टी आले की ते श्ट म्हणतात. 1926 साली आंद्रेआस श्टील यांनी काढलेल्या कंपनीच्या करवतीला म्हणूनच स्टील म्हणणं चूक, तिचा पोलादाशी संबंध नाही, ते आडनाव आहे. श्टुटगार्टच्या ज्या कंपनीनं 1895 साली हातात धरायचं विजेचं ड्रिल पहिल्यांदा बनवलं, तिचं नाव इंग्रजीच्या सवयीनं कुणी ‘फेन’ वाचतं, कुणी ‘फीन’. खरा उच्चार ‘फाइन’. आणि त्याच शहरात 1886 साली रॉबर्ट बॉश यांनी काढलेल्या कारखान्याला आपल्या बाजारात बॉस, बोश, बॉश्च अशी तिन्ही नावं आहेत. खरं बॉश. तेही तोंड फार न उघडता, आखूड.

एवढं ऐकल्यावर भाच्याची कळी खुलली. ‘‘बघ मामा, मी म्हणत होतो ना!’’ मी म्हटलं, थांब. तुझे जपानी लोक बॉशला काय म्हणतात? त्यानं क्षणभर विचार केला आणि स्वतःच हसू लागला. कारण जपानीत शब्दाच्या शेवटी श् असा तुटका येऊच शकत नाही, त्याला स्वराचा टेकू लागतो. त्यामुळे तिथे बॉशचं होतं ‘बोश्शु’. आणि हे काही अडाणी माणसाचं बोलणं नव्हे. जपानमध्ये ती कंपनी स्वतःचं नाव जपानी अक्षरांत तसंच लिहिते. म्हणजे जर्मन मालकानं जपानी गिऱ्हाइकाच्या जिभेपुढे मान तुकवली आणि धंदा केला.

हिताची या नावानं जी हत्यारं मिळत, त्यांचं नाव 2018 मध्ये बदललं. नवं नाव रोमन अक्षरांत पाहिलं तर कुणीही ‘हिकोकी’ वाचेल. जपानीत हिकोकी म्हणजे विमान! कंपनीला मात्र ‘हायकोकी’ असा उच्चार हवा आहे. आपण ठेवलेलं नाव लोकांनी कसं वाचावं, हे सांगण्याची पाळी नाव ठेवणाऱ्यावरही येते ती अशी.

आणि वापरणारे लोक पुष्कळदा ऐकतही नाहीत. नाशिकला बॉशचा जो कारखाना आहे, तो आधी मायको म्हणून ओळखला जाई. कंपनीचं अधिकृत नाव 2008 साली बदललं, पण नाशिककरांचं ‘मायको सर्कल’ काही बदललं नाही. रस्त्यावर माती उकरणाऱ्या अवजड यंत्राला खेड्यापाड्यांत पोकलेन म्हणतात. पोक्लँ ही फ्रेंच कंपनी. यंत्र कुणाचंही असो, सोंड दिसली की ते पोकलेन. फ्रान्समधल्या माणसानं आपल्या बांधावर येऊन हा शब्द ऐकला तर त्याला कळणारही नाही की ही आपलीच लेक आहे, सासरी नांदतेय.

मिस्त्रींच्या पेटीत एक जुनं हत्यार होतं. लाकडी मुठीचं, हातानं फिरवून भोक पाडायचं. त्याला सुतार गिरमिट म्हणतात. आपल्याला वाटतं, किती अस्सल मराठी शब्द! पण तो इंग्रजी ‘गिम्लेट’ वरून आला आहे. कुणा गोऱ्या साहेबाचा शब्द कुणा सुतारानं ऐकला, आपल्या जिभेवर रंधून घेतला आणि पुढच्या पिढीच्या हातात दिला. त्या वेळी एखाद्या शिकलेल्या पोरानं ‘काका, गिरमिट नाही, गिम्लेट’ म्हणून हटकलं असेलही. कुलपाची चावी पोर्तुगिजांकडून आली. त्यांचा आजचा उच्चार ‘शाव्ह’ सारखा आहे. म्हणून उद्यापासून आपण शेजाऱ्याकडे शावी ठेवायला देणार आहोत का?

याचा अर्थ खरा उच्चार शिकूच नये, असा मुळीच नाही. माणसाच्या नावाच्या बाबतीत तर तो कष्टानं शिकावा. टिळकांचं ‘तिलक’ झालेलं ऐकलं की आपल्या पोटात कसं तुटतं! परदेशी गेलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या आडनावातला ळ विमानतळावरच गळून पडतो. कुणी परका माणूस थांबून ‘तुमचं नाव नेमकं कसं म्हणायचं?’ असं विचारतो, तेव्हा बरं वाटतं ते त्याला आलं म्हणून नव्हे, त्यानं विचारलं म्हणून. पण अवजाराच्या नावाची गोष्ट निराळी. मोसाबुरो माकितांना भेटलो तर त मध्ये भेटावं. त्यांच्या नावाचं यंत्र ज्या हातात दिवसभर घरघरतं, त्या हाताचाही त्या नावावर काही हक्क तयार होतो. उच्चार हे ज्ञान आहे. ते दिव्यासारखं समोर ठेवावं, दुसऱ्याची उंची मोजायची पट्टी म्हणून वापरू नये. आपल्याकडे ‘स्टेशन’ आणि ‘ठेसन’ वरून माणसं कशी पारखली जातात, हे आपण पाहिलेलं आहे. त्या पट्टीचे वळ पुष्कळांच्या पाठीवर आहेत.

भाच्याला मी उपदेश केला नाही. मिस्त्री दिवसभर त्या यंत्राचं नाव घ्यायचे थांबले, एवढंच सांगितलं. तो गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तोच बाहेर गेला आणि मिस्त्रींजवळ भुशातच बसला. पेटीतलं एकेक हत्यार हातात घेऊन ‘हे काय, ते काय’ सुरू झालं. रंधा, पटाशी, गिरमिट. पटाशी धरायची कशी, हेही मिस्त्रींनी त्याच्या बोटांना बोट लावून दाखवलं. गिरमिटाची हकिकत त्याला आदल्या रात्रीच कळली होती, पण त्यानं ती काही काढली नाही. मग मिस्त्री उठले, कपाटाच्या दारावर पेन्सिलीची खूण केली आणि मागे हात केला. पोरगा पाणी आणायला गेला होता. भाच्यानंच मशीन उचललं. ‘‘ही घ्या काका, मकिटा.’’

मिस्त्रींनी ते घेतलं, पण लगेच चालू केलं नाही.

‘‘दादा, त्या जपानी मालकाच्या नावात काही असंल की? आपल्याकडं नावाला अर्थ असतो, तसा.’’

‘‘आहे ना. कुरण आणि भाताचं शेत.’’

‘‘शेत?’’ मिस्त्रींनी हातातल्या यंत्राकडे एकदा पाहिलं. ‘‘आमचंबी होतं की, गावाकडं. भाताचंच.’’

आणि त्यांनी खटका दाबला.