संगणकाचं ‘बी’

मुलांनो, बाजरी काढणीला आली की गावात कधी कधी सरकारी माणसं टेप घेऊन येतात. शेतात १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापतात, मळतात आणि वजन करतात. हा पीक कापणी प्रयोग. आपल्या शिरूर-दौंडच्या जिरायत गावांत ज्वारी-बाजरीचा उतारा असाच काढतात आणि पीकविम्याचा हिशेबही त्यावर बसतो.

पण चौकोन आखायचा कुठे? बांधावर उभं राहून नजरेनं ठरवलं, तर कुणी दाट पीक निवडेल, कुणी करपलेलं. म्हणून ना साहेबांची मर्जी, ना शेतकऱ्याची! आधी अंक काढायचे. ते सांगतील ते शेत, आणि शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ते सांगतील तितकी पावलं. १९४० नंतर ही पद्धत देशात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता.

असे कुठलाच कल नसलेले अंक म्हणजे यादृच्छिक संख्या. पूर्वी त्या छापील तक्त्यांतून घेत. आता संगणकही काढून देतो. गंमत अशी, की संगणकाला डोळे मिटून चिठ्ठी उचलता येत नाही. त्याला येतं फक्त गणित!

वही घ्या. ७ पासून सुरुवात करा. ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी लिहा. आली ६. आता ६ वर तेच करा. १, मग ८, ११, १०, ५, १२... कसे विस्कटलेले दिसतात ना? हा सुरुवातीचा ७ म्हणजे ‘बी’. बी तेच, तर पीकही तेच. उद्या करा, दौंडच्या मामाला करायला सांगा, ७ नंतर ६ च येणार.

शास्त्रज्ञांना हे सोयीचं असतं. त्यांनी बी टिपून ठेवलं, की दुसरा कुणीही तोच प्रयोग पुन्हा करून उत्तर पडताळू शकतो. मात्र १९९१ साली पुण्यात सी-डॅकनं बनवलेल्या ‘परम ८०००’ सारख्या महासंगणकात अनेक प्रोसेसर एकदम काम करतात. त्या सगळ्यांना ७ च दिला तर? वर्गातल्या सगळ्यांनी एकाच वहीतून उत्तरं उतरवावीत, तसं होईल. काम केल्यासारखं दिसेल, नवं काहीच मिळणार नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळं बी द्यावं लागतं, तेही विचार करून.

आणखी एक. बी आधीच फुटलं, तर कुठलं शेत निघणार हे आधीच कळेल, आणि कुणी नेमकं त्याच शेताला जादा पाणी देईल! हवं ते शेत निघेपर्यंत बी बदलत बसणं, हीही लबाडीच. म्हणून बी आधी ठरवून बंद पाकिटात ठेवावं आणि निवड झाल्यावर सर्वांना दाखवावं, असं मला वाटतं.

नियमही नीट निवडावा लागतो बरं का. वरच्या नियमात ० ते १५ हे सगळे अंक एकेकदा येतात आणि सोळाव्या पायरीला ७ परत येतो. आता ५ ऐवजी ४ ने गुणून बघा. बी कुठलंही घ्या, दोन पायऱ्यांत काय होतं ते वहीत लिहून बाईंना दाखवा.