प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आणि मुलांचे आरोग्य

नेकनूरचा आठवडी बाजार बीड तालुक्यात सर्वपरिचित आहे. कोणताही बाजार उठला, म्हणजे मागे राहिलेल्या पातळ पिशव्या वाऱ्याने बाभळीच्या काट्यांस अडकतात, ओढ्यात व शेतात जातात. काही काळाने त्या दिसेनाशा होतात. परंतु नाहीशा होत नाहीत.

पाला कुजतो, कारण मातीतील सूक्ष्म जीव त्यावर जगतात. प्लॅस्टिक त्यांस सहसा पचत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते, त्याचे तुकडे पडतात व तुकड्यांचे पुन्हा तुकडे होतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांस सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. पाणी, अन्न व श्वास यांच्या वाटे ते शरीरात शिरते. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी २२ रक्तदात्यांचे रक्त तपासले; १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक आढळले. २०२४ मध्ये इटलीतील संशोधकांनी मानेच्या रोहिणीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या रोहिणीतील मेदाच्या थरात हे कण होते, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका इतरांच्या सुमारे साडेचारपट दिसला. कण हेच कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही; तथापि सावध होण्यास एवढे पुरेसे आहे.

उष्णतेने धोका वाढतो. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांस २०२० मध्ये असे आढळले, की आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेल्या कागदी कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटे राहिल्यास त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. पिशवीत बांधून नेलेल्या गरम चहाचा विचारही ह्याच दृष्टीने करावा.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. परंतु सवय केवळ कायद्याने बदलत नाही. शाळेचे आवार झाडून केरास काडी लावण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. केरात प्लॅस्टिक असल्यास त्याचा विषारी धूर प्रथम जवळ उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत जातो. म्हणून शिक्षकांनी प्लॅस्टिक वेगळे वेचून ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावे. ते जाळू नये.

जून महिन्यात मुलांकडून एका कुंडीत कडुनिंबाचे पान व पिशवीचा तुकडा पुरून घ्यावा. माती ओलसर ठेवून दिवाळीच्या सुटीनंतर ती उकरावी. पानाची माती होत आलेली दिसेल. तुकडा जसाच्या तसा निघेल. पुढे बाजारच्या दिवशी मूल घरून कापडी पिशवी व चहासाठी किटली मागून घेऊ लागले, म्हणजे पाठ समजला असे मानावे.