सपाट भिंग, वळलेले रेणू

व्हीआर हेडसेट अर्धा तास लावला की मान अवघडते ना? त्या वजनात भिंगांचाही वाटा असतो. नेहमीचं भिंग प्रकाश वळवतं ते जाडीच्या जोरावर, मधे जाड आणि कडेला पातळ. तेच काम सगळीकडे सारख्या जाडीचा, जेमतेम 2 मायक्रॉनचा थर करू शकतो. सगळी करामत रेणूंच्या दिशेत आहे.

लिक्विड क्रिस्टल म्हणजे कॅल्क्युलेटरच्या पडद्यातला पदार्थ. वाहतो द्रवासारखा, पण त्याचे लांबट रेणू एका दिशेला तोंड करून राहतात. आता लेझीमचं पथक डोळ्यांसमोर आणा, ज्यात प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा जरासा जास्त वळून उभा आहे. रेणू असे लावले, आणि मळसूत्रासारखा फिरत जाणारा, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवीकरण झालेला प्रकाश त्यातून सोडला, की जागोजाग लहर पुढे-मागे सरकते. किती? रेणू जितका वळलाय त्याच्या बरोब्बर दुप्पट! रेणू 180 अंश, तर लहर 360. म्हणजे नुसत्या दिशांनी होलोग्राम लिहिता येतो.

पण लिहायचा कसा? रेणू काय चिमट्याने लावणार? मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. काचेवर प्रकाशाने वळणाऱ्या रंगद्रव्याचा थर देतात. त्यावर दोन लेझर झोत सोडतात, एक डावीकडे फिरणारा, एक उजवीकडे. ते मिसळतात तिथे उजेड सगळीकडे सारखाच असतो, फक्त कंपनाची दिशा बदलत जाते. रंगद्रव्याचे रेणू त्या दिशेशी काटकोनात वळतात, वर पसरलेलं लिक्विड क्रिस्टल त्यांच्यामागोमाग जातं. मग अतिनील प्रकाशाने थर पक्का करायचा, झालं.

यामागचं गणित आपल्याकडचं आहे, बरं का. सी. व्ही. रामन यांचे भाचे एस. पंचरत्नम यांनी ते 1956 साली बेंगळुरूत मांडलं, वयाच्या 22व्या वर्षी. 1984 मध्ये मायकल बेरी यांनी क्वांटम भौतिकीत तसाच परिणाम स्वतंत्रपणे दाखवला, आणि 1987 मध्ये पंचरत्नम यांच्या कामाचं श्रेय त्यांना दिलं. तोवर पंचरत्नम जाऊन 18 वर्षं झाली होती.

अडचणीही आहेत. उजव्या फिरकीचा प्रकाश गोळा करणारं भिंग डाव्या फिरकीचा पसरवतं. आणि रंग! हिरवा (540 नॅनोमीटर) 10 सेंटिमीटरवर जुळला, तर लाल (630) साधारण साडेआठवर आणि निळा (450) थेट 12 वर. काचेच्या भिंगात क्रम उलटा असतो, म्हणून दोन्ही जोडून रंगांची ही फाटाफूट बरीच आवरता येते.