एकवीस माणसांच्या फळ्या

कामगारांच्या सभेत गणिताचा विषय काढला की माणसे चहाला उठतात, हा आमचा जुना अनुभव आहे. तरीही या व्याख्यानमालेसाठी आम्ही तोच विषय घेतला, कारण त्यापायी आमची एक रात्र झोपेवाचून गेली आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे गणित आम्हांला युनियनच्या वर्गणीच्या वह्यांनी शिकविले व उरलेले वाचनालयातील पुस्तकांनी. तेव्हा विद्वान श्रोत्यांनी आमच्या भाषेकडे थोडी डोळेझाक करावी.

सोलापुरातील चादरी विणणाऱ्या एका कारखान्यात यंत्रमागांवर एकवीस कामगार होते. बोनसच्या मागणीवरून त्यांच्यात नऊ, सात व पाच अशा तीन फळ्या पडल्या. सर्वांत तावातावाने बोलणारी फळी पाचांची. (लहान फळीचा आवाज मोठा असतो, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.) या पाचांना आपली स्वतंत्र युनियन नोंदवायची होती. परंतु १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे अर्जावर निदान सात सभासदांच्या सह्या लागत. २००१ च्या दुरुस्तीने दहा टक्के किंवा शंभर कामगारांची अट वर जोडली, पुढे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली; सातांचा आकडा दोन्हींत राहिला. पाचही जण आमच्यावर असे रागावले, की जणू कायदा आम्हीच केला होता! त्या रात्री आमच्या मनात प्रश्न आला: एकवीस माणसांच्या फळ्या एकंदर किती तऱ्हांनी पडू शकतील? आणि बाहेरचा सभासद घ्यायचा नाही, सातांहून लहान फळी चालणार नाही व कोणी बाहेर राहायचे नाही, असे ठरविले तर किती?

गणितात याला संख्येची फोड म्हणता येईल. चारची फोड पाहा: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. म्हणजे पाच तऱ्हा. ३+१ आणि १+३ ही एकच फोड समजावयाची. पाचाच्या फोडी ७, दहाच्या ४२, विसाच्या ६२७ आणि एकविसाच्या ७९२. मालकाला फूट पाडण्यास ७९२ वाटा मोकळ्या आहेत, हे वाचून आम्ही क्षणभर थक्क झालो. शिवाय कोण कोठे गेला, याची दखल या मोजणीत नाहीच. १२+९ ही एकच फोड. परंतु एकविसांतून ते नऊ कोण, हे निवडण्याचे प्रकार २,९३,९३० होतात.

आता अट घालू या, आणि तीही अगदी लहान: कोणी एकटा राहू नये. एकवीस चिंचोके घ्या व त्यांच्या ढिगाऱ्या करा. ज्या फोडीत एकच चिंचोक्याची ढिगारी आहे, तिच्यातून तो एक चिंचोका उचला. राहिली ती वीस चिंचोक्यांची फोड. उलट, विसाच्या कोणत्याही फोडीशेजारी एक सुटा चिंचोका ठेवला की एकविसाची, एकटा असलेली फोड तयार होते. म्हणून एकटा असलेल्या फोडी नेमक्या ६२७. त्या ७९२ मधून वजा केल्या की १६५ उरतात.

हीच युक्ती पायरीपायरीने वर नेता येते. लहानात लहान फळी दोनची असलेल्या १६५ फोडींतून, ज्यांत दोनची फळी प्रत्यक्ष आहे त्या काढावयाच्या. दोन चिंचोके उचलले की उरते ती एकोणिसाची, एकटा नसलेली फोड. एकोणिसाच्या एकंदर फोडी ४९०, अठराच्या ३८५, म्हणून तशा १०५. १६५ मधून १०५ गेले, उरले ६०. असेच पुढे चालत गेले की निदान चारांच्या फळ्यांना २७, पाचांच्या १५, सहांच्या ९ आणि सातांच्या ६ तऱ्हा मिळतात. या सहा तर बोटांवर मोजता येतात: २१, १४+७, १३+८, १२+९, ११+१०, ७+७+७.

ही उतरंड आम्ही पुनःपुन्हा पाहिली. कायद्याच्या सातांनी ७९२ वरून ६ वर आणले खरे. पण त्यांपैकी ६२७ तऱ्हा पहिल्याच पायरीवर, म्हणजे कोणी एकटा राहू नये एवढ्यावरच, गळून पडल्या होत्या! युनियनच्या कामात आम्ही मोठमोठ्या एकजुटीची भाषणे केली, आणि एकट्या पडलेल्या माणसाच्या घरी जाण्याचे मात्र पुष्कळदा राहून गेले. हा हिशेब आम्हांला आधी कळला असता, तर आमचे पाय निराळ्या दिशेने वळले असते.

फोडींच्या मागे मोठमोठी माणसे लागली आहेत. ऑयलरने १७४८ च्या आपल्या ग्रंथात त्यांवर एक प्रकरणच लिहिले. तोफखान्यातून निवृत्त झालेले मेजर मॅकमहोन यांनी दोनशेपर्यंतचे कोष्टक हाताने केले. दोनशेच्या फोडी ३९,७२,९९,९०,२९,३८८ भरतात. आमच्या रामानुजन यांनी हार्डींसह १९१८ साली जे सूत्र प्रसिद्ध केले, ते याच आकड्याशी ताडून पाहिले गेले. इंग्लंडला जाईपर्यंत रामानुजन यांच्यापाशी पदवी नव्हती, हे आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चार, नऊ, चौदा अशा क्रमातील संख्यांच्या फोडींना पाचाने निःशेष भाग जातो, हेही त्यांनीच दाखविले: ५, ३०, १३५.

आमच्या कारखान्याचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. नऊ, सात, पाच ही फोड पंधरांच्या यादीत बसत होती, सहांच्या यादीत नव्हती. आम्ही चिंचोके घेऊन त्या पाचांच्या दारी गेलो व सहाही तऱ्हा ओट्यावर मांडून दाखविल्या. आठवड्याने ते सातांत मिळाले. बारा आणि नऊ झाले. बोनसच्या मागणीपत्रावर एकवीस सह्या झाल्या. दिवाळीला मागितल्याच्या निम्मा बोनस मिळाला, आणि त्यावरून बारांत पुन्हा कुरबुर सुरू झाली.