ओंडका कुणाचा?

पावसाळा सरत आला की कोकणातल्या कुठल्याही पुळणीवर एक चक्कर मारावी. भरतीच्या रेषेवर बाटल्या, तुटकी जाळी, जोडीदार हरवलेल्या चपला, एखाद-दुसरी गारंबीची बी आणि या सगळ्यात गुंतलेली लाकडं पडलेली असतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या घाटातून जे ओरबाडून आणतात ते खाडीतून समुद्रात जातं. उधाण त्यातलं थोडं परत करतं.

असं एखादं पीळदार मूळ उचलताना ते कुणाचं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. कायद्याला तो १९२७ सालीच पडला. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे वाहत आलेलं, किनाऱ्याला लागलेलं, अडकलेलं किंवा बुडालेलं लाकूड कुणी हक्क शाबीत करेपर्यंत सरकारचं मानलं जातं. वनाधिकाऱ्याने ते गोळा करायचं, जाहीर नोटीस काढायची आणि दावेदाराला निदान दोन महिन्यांची मुदत द्यायची. इमारती लाकूड नद्यांतून तरंगत नेत, त्या काळातली ही तरतूद. हातभर मुळासाठी कुणी पंचनामा करायला येणार नाही, पण मोठा ओंडका टेम्पोत चढवण्याआधी वनखात्यात विचारलेलं बरं.

आइसलँडमध्ये या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. तिथे झाडं खुरटी, बर्चची. घराची तुळई निघेल असं खोड मिळणं मुश्कील. मग समुद्राने आणून टाकलेल्या ओंडक्यांवर घरं, होड्या, चर्च उभी राहिली. १२८१ च्या ‘योन्सबोक’ या कायदेसंहितेत किनाऱ्याला लागणाऱ्या वस्तूंसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. किनाऱ्याचा तुकडा एकाचा आणि तिथल्या लाकडाचा हक्क दुसऱ्याचा, पुष्कळदा चर्चचा, असंही असे. हक्कदार आपली खूण ओंडक्यावर कोरून ठेवत. वायव्येकडच्या स्ट्रांडिर भागात आजही असे ओंडके चिरून कुंपणाचे खांब करतात.

हे लाकूड येतं कुठून? बहुतेक सैबेरियातून. ओब, येनिसेई, लेना या नद्या लार्च, पाइन, स्प्रूसची खोडं उत्तरध्रुवीय समुद्रात लोटतात. नुसतं तरंगणारं खोड साधारण वर्ष-दीड वर्षात पाणी पिऊन बुडतं आणि प्रवास तर त्याहून कितीतरी लांबचा. तो पार पडतो बर्फामुळे: खोड बर्फात गोठतं आणि बर्फाबरोबर सरकत राहतं. ध्रुवप्रवासी नान्सेनने हेच हेरलं. सैबेरियाच्या उत्तरेला १८८१ मध्ये चिरडून बुडालेल्या ‘जनेट’ जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले होते. ग्रीनलँडला लागणारी सैबेरियन लाकडंही तीच वाट सांगत होती. त्या भरवशावर त्याने १८९३ मध्ये ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवलं आणि १८९६ मध्ये ते दुसऱ्या बाजूने सुखरूप बाहेर पडलं. ओंडक्यांच्या साक्षीवर एवढी मोठी पैज लावणारा माणूस विरळाच!

पूर्व ग्रीनलँडच्या इन्युइट लोकांकडे कयाकचे सांगाडे, वल्ही, भाल्यांचे दांडे, सगळं याच लाकडाचं. गुस्टाव होल्म या डॅनिश अधिकाऱ्याला १८८५ मध्ये कुनित नावाच्या इन्युइटाकडून लाकडात कोरलेले नकाशे मिळाले. एका पट्टीच्या कडेला खाचा आहेत: बाहेर आलेला भाग म्हणजे भूशिर, आत गेलेला म्हणजे खाडी. किनारा एका कडेने वर जातो, टोकाला वळतो आणि दुसऱ्या कडेने खाली उतरतो. बेटं वेगळ्या काठीवर. वाहून आलेल्या लाकडावरच्या कोरीव कामात मला याहून अस्सल काही ठाऊक नाही. अमेरिकेतल्या शिल्पकार डेबोरा बटरफील्ड यांचे घोडे जगभर वाखाणले जातात. त्या काटक्या-ओंडक्यांचा घोडा रचतात, मग त्याचे तुकडे साच्यात जाळून त्या जागी ब्राँझ ओततात आणि त्याला पुन्हा लाकडाचा रंग चढवतात. घोडे देखणे आहेतच. पण लाकूड जळून जातं, ही गोष्ट मला खटकते.

आपल्याकडच्या कारागिराची अडचण निराळी: टेरेडो. नाव ‘शिपवर्म’ असलं तरी हा किडा नव्हे, शिंपल्यांचा भाऊबंद. पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतं आणि डोक्याकडच्या दोन छोट्या शिंपल्यांनी लाकूड कानशीसारखं खरवडत जन्मभर पुढे जात राहतं. त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू लाकूड पचवायला मदत करतात. १७३०च्या दशकात त्याने हॉलंडच्या बांधांचे लाकडी खांब पोखरून देश हादरवला. अभियंता मार्क ब्रुनेलने बोगदा खणण्याच्या ढालीची कल्पना त्याच्याकडूनच घेतली म्हणतात. बाल्टिक समुद्रात मीठ कमी, तिथे हा फारसा जगत नाही. म्हणूनच १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ जहाज १९६१ मध्ये जवळजवळ धड वर काढता आलं. आपल्या उबदार, खाऱ्या पाण्यात मात्र त्याची चंगळ.

तेव्हा लाकूड रूपावरून निवडू नये. हातात घेऊन दगडाने ठोकावं. टणटणीत वाजलं तर ठेवावं. भदभद वाजलं किंवा आकाराच्या मानाने हलकं लागलं, तर आत चाळण झालेली असते. अशा लाकडात पटाशी घातली की करकर आवाज येतो आणि धार जाते, कारण भोकांना आतून चुन्याचं अस्तर असतं. माडाच्या खोडाच्या नादी लागू नये, त्याच्या धाग्यांचे तुसे निघतात. सुरू टणक, पण सुकताना चिरते. वळलेली मुळं सगळ्यांत चांगली, रेषा एकमेकींत गुंतल्याने सहसा तडकत नाहीत. आकार बहुधा तयारच असतो. कोरणाऱ्याने बगळ्याची चोच तेवढी मोकळी करायची आणि थांबायचं. हे थांबणंच बऱ्याच जणांना जमत नाही.

आणलेलं लाकूड गोड्या पाण्यात बुडवून पाणी बदलत राहावं. मीठ राहिलं तर ओल धरतं आणि पॉलिश बसत नाही. रेतीही ब्रशने काढावी. मग टोकांना मेण फासून सावलीतच सुकवावं. उन्हात घाई केली की चिरा पडतात. अजस्र ओंडके जागेवरच राहू द्यावेत, त्यांच्या आडोशाला वाळू साठते. तासून उरलेले तुकडे बंबात घालायचा मोह होतो. ज्वाळा निळ्या-हिरव्या दिसतात खऱ्या, पण मिठातल्या क्लोरिनमुळे धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. त्यापेक्षा ते माडाच्या आळ्यात टाकावेत. माडाला मिठाचं वावडं नाही.